पापाझकरासीचा लाल फेस

लाल आणि फेसाळ ही जोडी वाइनच्या जाणकारांना कधी फारशी रुचलेली नाही. फेसाळ म्हटली की सोनेरी, फार तर गुलाबी. लाल फेस ग्लासात चढू लागला की भुवयाही वर चढतात, आणि त्याला कारण आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत इटलीच्या एमिल्या प्रांतातून गोड, स्वस्त लाम्ब्रुस्कोचा लोंढा अमेरिकेत गेला. 'रिउनिते' हा ब्रँड तिथे वर्षानुवर्षे सर्वाधिक खपणारी परदेशी वाइन होता. त्या गोडमिट्ट पेयाने एका जुन्या आणि चांगल्या प्रकाराचे नाव बरीच वर्षे घालवले. आता याच प्रकाराशी तुर्कस्तानातल्या, देशाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसलेल्या काळ्या द्राक्षाची गाठ घालायची, हे वरवर पाहता दुहेरी धाडस. पुढच्या पानांचा विषय मात्र तोच आहे: थ्रेसमधले पापाझकरासी हे द्राक्ष, आणि त्याच्या रसातून बाटलीतच आपसूक फेसाळणारी लाल वाइन चाखायची कशी.

या द्राक्षावरचे आक्षेप जुने आहेत. रंग पुरेसा गडद नाही, आंबटपणा जास्त, तुरटपणा बेताचा, पीक उशिरा तयार होणारे. वजनदार, ओकच्या पिंपात मुरवलेल्या लाल वाइनची मोजपट्टी लावली की पापाझकरासी प्रत्येक खणात कमी भरते. पण तोच रस आंबवण अर्धवट असताना बाटलीत भरला की हिशेब उलटतो आणि या साऱ्या उणिवा कामाला येतात. या प्रस्तावनेला जे सांगायचे आहे ते एवढेच, बाकी सगळा त्याचा तपशील. तपशील मात्र रंजक आहे, म्हणून थोडे मागून सुरू करू.

द्राक्षवेलींखालच्या क्षेत्रात तुर्कस्तान जगात पाचवा. सुमारे चार लाख हेक्टरवर तिथे वेली आहेत, देशी जाती हजाराहून अधिक मोजल्या जातात, आणि तेकिरदा येथील सरकारी संशोधन संस्थेच्या बागेत त्या जतन करून ठेवल्या आहेत. पुरातनत्वाबद्दल तर बोलायलाच नको. कोन्या प्रांतात इव्रिझ येथे इ. स. पूर्व आठव्या शतकातले कातळशिल्प आहे. त्यात तारहुन्झा हा देव एका हातात गव्हाच्या लोंब्या आणि दुसऱ्या हातात द्राक्षांचे घोस घेऊन उभा आहे आणि समोर राजा वारपालावास हात जोडून. एवढी मोठी परंपरा, तरी आज तुर्कस्तानातल्या शंभर किलो द्राक्षांपैकी वाइनसाठी जातात ती जेमतेम तीन-चार किलो. बाकीची खाल्ली जातात, त्यांचा पाक होतो, आणि फार मोठा वाटा वाळवला जातो. बेदाण्यांच्या उत्पादनात हा देश जगाच्या अगदी पुढच्या फळीत आहे.

त्या बेदाण्याचे द्राक्ष मराठी वाचकाला अनोळखी नाही. एजियन किनाऱ्यावर मानिसा आणि इझमीरच्या भागात पिकणारी 'सुल्तानिये' आणि आपल्याकडे नाशिक, सांगली, सोलापूरच्या मांडवांवर लटकणारी थॉम्सन सीडलेस, ही एकच जात. तासगावच्या परिसरात सापडलेली आणि बेदाण्यासाठी नावाजलेली 'तास-ए-गणेश' हा तिचाच एक फुटवा. सांगली बाजारातल्या बेदाण्याची आणि इझमीरच्या बेदाण्याची आजी एक आहे म्हणायला हरकत नाही. पण ही बिनबियांची, गोड, पातळ सालीची द्राक्षे म्हणजे द्राक्षशेतीची एक बाजू. बियांची, जाड सालीची, खायला तितकीशी बरी नसलेली काळी द्राक्षे ही दुसरी बाजू, आणि तुर्कस्तानात ती बाजू गेली शंभर वर्षे अंग चोरून उभी आहे.

पापाझकरासीचे घर इस्तंबूलच्या वायव्येला, थ्रेसच्या तुर्की भागात, किर्कलारेली प्रांताच्या आसपास. उत्तरेला इस्त्रांजाचे डोंगर आणि पलीकडे बल्गेरिया. हिवाळा कडक, उन्हाळा उष्ण, आणि डोंगरामागच्या काळ्या समुद्राकडून येणारी हवा रात्री गार करणारी. रात्री गार असल्या की द्राक्षातला आंबटपणा टिकतो. उशिरा पिकणाऱ्या जातीत तो अधिकच टिकतो. घोस मोठे, फळ टपोरे, रस भरपूर. शेतकऱ्याला हे सोयीचे, पण भरपूर पीक घेतले की चव पातळ होते, आणि या द्राक्षाच्या बदनामीत या लोभाचा वाटा मोठा आहे. दोष द्राक्षाचा कमी आणि हाताचा जास्त, असे म्हटले तर अन्याय होणार नाही.

वंशावळ पाहिली तर हे द्राक्ष तुर्की कमी आणि बाल्कन अधिक आहे. जनुकीय तपासणीत त्याचे एक पालक निघाले सर्बियातले प्रोकुपाच. पुढे पापाझकरासी आणि स्कादार्स्को यांच्या नैसर्गिक संकरातून जी जात झाली ती कादार्का. हंगेरीत सेकसार्ड आणि एगेरच्या टेकड्यांवर कादार्काला मोठा मान होता. एगेरची प्रसिद्ध लाल वाइन 'बिकावेर' एके काळी प्रामुख्याने तिच्यावर उभी होती. बल्गेरियात तीच जात 'गाम्झा' म्हणून ओळखतात. म्हणजे लेकीने दोन देशांत नाव काढले आणि आई किर्कलारेलीत पडून राहिली.

पडून राहण्याचे कारण चवीत कमी आणि इतिहासात जास्त सापडते. ऑटोमन काळात वाइन करणे आणि विकणे हा मुख्यतः ग्रीक आणि आर्मेनियन कुटुंबांचा धंदा होता. पूर्व थ्रेसमधल्या बागांच्या मागे हीच माणसे होती. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुदान्या येथे युद्धविराम झाला आणि काही आठवड्यांत पूर्व थ्रेसमधली ग्रीक वस्ती बैलगाड्यांवर संसार लादून मारित्सा नदीपलीकडे गेली. 'टोरांटो स्टार'चा तरुण बातमीदार अर्नेस्ट हेमिंग्वे तेव्हा तिथे होता. एद्रिनेच्या रस्त्यावरची ती न संपणारी, पावसात भिजणारी रांग त्याने पाहिली आणि तिच्याविषयी लिहिले. माणसे गेली, त्यांच्याबरोबर तळघरातले ज्ञान गेले. बाल्कनमधून उलट दिशेने आलेल्या मुसलमान निर्वासितांना जमिनी मिळाल्या. त्यांनी द्राक्षे पिकवलीही, पण वाइन करणारे हात विरळ झाले. आज किर्कलारेलीच्या रस्त्याने जुलैत गेले की दोन्ही बाजूंना दिसतात ती सूर्यफुले.

तुर्की प्रजासत्ताकाने वाइनला आधुनिकतेची खूण म्हणून हात दिला. मार्मारा किनाऱ्यावरच्या म्युरेफ्तेत निहात कुतमान यांनी १९२६ मध्ये 'दोलुजा'चा पाया घातला, अंकारात १९२९ मध्ये जेनाप आंद यांनी 'कावाकलीदेरे' सुरू केली. सरकारी मक्तेदारीची 'तेकेल' संस्था गावोगावची द्राक्षे विकत घेई. त्यात पापाझकरासीचा रस मिश्रणात जाई आणि बाटलीवर नाव क्वचित येई. तेकेलच्या मद्यविभागाचे २००४ मध्ये खाजगीकरण झाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत छोट्या वायनरींनी या द्राक्षाला स्वतंत्र बाटली दिली. इस्त्रांजाच्या पायथ्याशी असलेली मुस्तफा चामलिजा यांची 'चामलिजा' ही वायनरी त्यातले ठळक नाव.

त्याआधीही किर्कलारेलीने या द्राक्षाला एक काम दिले होते, आणि ते या विषयाच्या इतके जवळचे आहे की वाट वाकडी करायलाच हवी. त्या पेयाचे नाव हार्दालिये. पिंपात चुरलेली काळी द्राक्षे, तीही परंपरेने बहुधा पापाझकरासी, आंबट चेरीची पाने आणि ठेचलेली मोहरी यांचे थर रचतात आणि काही आठवडे मुरू देतात. मोहरीचा झणका यीस्टला दाबून ठेवतो. त्यामुळे साखरेचा अल्कोहोल न होता दुग्धाम्ल जिवाणूंचे काम चालते आणि हाती येते ते गडद, आंबटगोड, जिभेला किंचित चावणारे, मद्य नसलेले पेय. मुस्तफा केमाल अतातुर्क डिसेंबर १९३० मध्ये किर्कलारेलीला आले तेव्हा त्यांनी ते आवडीने प्यायले, असे तिथले लोक अजून सांगतात. हार्दालियेत यीस्टचे तोंड बंद केले जाते. जिच्याविषयी पुढे लिहायचे आहे त्या वाइनमध्ये यीस्टला मोकळे सोडून फक्त दार लावून घेतले जाते.

या पद्धतीला फ्रेंचमध्ये पूर्वजांची पद्धत म्हणतात आणि तिच्या वाइनला 'पेतियाँ नातुरेल', बोलीत 'पेट-नॅट'. शॅम्पेनमध्ये आधी साधी वाइन पूर्ण तयार होते, मग तिच्यात साखर आणि यीस्ट घालून बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात. इथे दुसरी फेरी नाही. पहिलेच आंबवण चालू असताना, रसात थोडी साखर शिल्लक असताना, बाटली भरायची आणि सोड्याच्या बाटलीला असते तसे पत्र्याचे झाकण ठोकायचे. उरलेली साखर यीस्ट आत खाते, कर्बवायू बाहेर पडू शकत नाही, तो वाइनमध्येच विरघळतो. वरून काही घातलेले नाही, म्हणून 'नैसर्गिक'.

सांगायला सोपे, करायला जिकिरीचे. लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली की साधारण एक वातावरणाचा दाब तयार होतो. बारा ग्रॅमला बाटली भरली तर तीन वातावरणांचा, म्हणजे सुखाचा फेस. तीसला भरली तर सातच्या पुढे, म्हणजे शॅम्पेनपेक्षा जास्त, आणि साधी बाटली तळघरात फुटायची. पाचला भरली तर जेमतेम चुळबूळ. आंबवण रात्री थांबत नाही, त्यामुळे नेमकी वेळ मध्यरात्रीनंतर येण्याची शक्यता बरीच. वाइन करणारे या दिवसांत रस थंड ठेवून यीस्टची गती धीमी करतात आणि तासातासाला साखर मोजत बसतात. एवढे करूनही दोन बाटल्या तंतोतंत सारख्या निघतील याची हमी नाही. हे ज्याला खपत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, कारण हा चंचलपणा पेट-नॅटच्या स्वभावातच आहे.

लाल द्राक्षाच्या बाबतीत आणखी एक अडचण. रंग सालीत असतो आणि तुरटपणाही सालीत आणि बीत. तुरट वाइन थंड केली की तिचा तुरटपणा आणि कडूपणा अधिक टोचतो. त्यात कर्बवायू भर घालतो, कारण त्याची स्वतःची आम्लता आहे. जिभेवर आंबट ओळखणाऱ्या ज्या पेशी आहेत त्यांच्यावरचे एक विकर कर्बवायूलाही पकडते, हे २००९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाने दाखवून दिले. म्हणून पूर्व अनातोलियातले बोआझकेरे हे तुर्कस्तानातले नामांकित, घट्ट तुरट द्राक्ष या कामी घेतले तर पहिल्या घोटाला तोंड आवळून येईल. पापाझकरासीची साल दोन-चार दिवस रसात राहिली तरी ती बेताचाच तुरटपणा सोडते, रंग मात्र लाल म्हणावा इतका देते. आणि ज्या आंबटपणाबद्दल या द्राक्षाला बोल लावला जातो तोच फेसाळ वाइनचा कणा असतो. शॅम्पेन प्रांतात तर त्यासाठी द्राक्षे मुद्दाम लवकर तोडतात.

मग अशा वाइन तुर्कस्तानात भरभरून का होत नाहीत? एक कारण सवयीचे. तिथली फेसाळ वाइन आजवर बहुतांशी पांढरी राहिली. कावाकलीदेरेची 'आल्तिन क्योप्युक' कप्पाडोकियाच्या एमिर द्राक्षापासून होते. अंकाराजवळच्या कालेजिकमधली 'विनकारा' कालेजिक करासी या काळ्या द्राक्षापासून शॅम्पेनच्या पद्धतीने 'याशासिन' करते, पण तीही साल वेगळी काढून, पांढरी. दुसरे कारण करांचे. तुर्कस्तानचा विशेष उपभोग कर लिटरमागे ठरतो आणि फेसाळ वाइनवर तो साध्या वाइनच्या कित्येक पट आहे. दहा हजार बाटल्याही न करणाऱ्या माणसाने प्रयोग म्हणून बुडबुडे पकडायचे, तर सरकार आधी बिल फाडते. तिसरे कारण २०१३ चा कायदा. मद्याची जाहिरात आणि प्रसिद्धी त्याने बंद केली, रात्री दहा ते सकाळी सहा दुकानांतली विक्रीही. नवे काही केले तर ते लोकांना सांगायचे कसे, हा प्रश्न तिथल्या वायनरीपुढे रोज असतो. तरीही गेल्या काही वर्षांत छोटे उत्पादक देशी द्राक्षांच्या पेट-नॅट करू लागले आहेत, हे कौतुकाचे.

महाराष्ट्राला फेसाळ वाइन नवी नाही. १९८० च्या दशकातच नारायणगावातून 'ओमर खय्याम' नावाची, शॅम्पेनच्या पद्धतीने केलेली वाइन परदेशी जात होती. पण ती वेगळ्या घराण्याची. ग्लास हातात घेण्यापूर्वी शॅम्पेनच्या अपेक्षा बाजूला ठेवलेल्या बऱ्या.

बाटली आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उभी ठेवावी. तळाशी मेलेल्या यीस्टचा साका असतो, तो उभ्या बाटलीत खाली बसतो. आडवी ठेवलेली, हलवलेली किंवा कोमट बाटली उघडली की साक्याच्या कणाकणावर बुडबुडे धरतात आणि निम्मी वाइन टेबलावर. झाकण एकदम न उडवता ओपनरने कड किंचित उचलावी, फुसफुस ऐकावी, दाब उतरला की मग काढावे. तपमान आठ ते दहा अंश. त्याहून थंड केली तर वास मिटतो, त्याहून गरम झाली तर फेस रानटी होतो. ग्लास अरुंद बासरीसारखा नको, नेहमीचा पांढऱ्या वाइनचा बरा. तो सुती कापडाने पुसलेला असेल तर उत्तम, आणि यामागे अंधश्रद्धा नाही. कापडाचे सूक्ष्म धागे काचेला चिकटून राहतात आणि बुडबुड्यांच्या माळा बहुतेक अशाच धाग्यांतून सुटतात, हे रँस विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी वर्षानुवर्षे कॅमेऱ्याने टिपले आहे. अगदी निष्कलंक ग्लासात चांगली वाइनही निपचित दिसते.

पहिला ग्लास स्वच्छ ओतावा, शेवटचा गढूळ. दोन्ही चाखावेत, कारण त्या जवळजवळ दोन वाइन आहेत. स्वच्छ ग्लासात रंग कोकमाचे आगळ पाण्यात सोडल्यावर येतो तसा, वर गुलाबी फेस, जो चटकन बसतो. त्याने निराश होऊ नये. शॅम्पेनच्या पाच-सहा वातावरणांपुढे इथे दोन-तीनच असतात. वास घेताना सुरुवातीला आगकाडी ओढल्यासारखे काही आले तर दहा मिनिटे थांबावे. बंद बाटलीत यीस्टने सोडलेले गंधकयुक्त वायू हवेत उडून जातात. मग आंबट चेरी येते, लाल तुती येते, मागून मिरी आणि कधी ओल्या मातीचा किंचित भास. गढूळ ग्लासात फळ मागे सरते, पावाच्या कणकेचा वास पुढे येतो आणि पोत भरीव होतो. घोट तोंडात धरून फेस विरू द्यावा, कारण बुडबुडे असेपर्यंत द्राक्ष नीट बोलत नाही. ते विरल्यावर हिरड्यांवर हलका तुरटपणा आणि जिभेच्या कडांना पाणी सुटेल असा आंबटपणा उरला, तर ती पापाझकरासी नीट केलेली समजावी. उरली फक्त गोडी, तर आंबवण मध्येच अडकले आहे.

नैसर्गिक म्हणून सगळे माफ, ही सध्याची फॅशन मात्र मान्य करण्यासारखी नाही. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास म्हणजे दोषच. त्याहून लबाड दोष आहे तो उंदराच्या पिंजऱ्याच्या वासाचा. तो ग्लासात कळत नाही. वाइनच्या आम्लतेत ती संयुगे हवेत उडत नाहीत, घोट गिळल्यावर लाळेने आम्लता कमी केली की दहा-वीस सेकंदांनी घशाकडून वर येतात. म्हणून अशा वाइनवर पहिल्याच घोटाला मत देऊ नये. गिळून, थोडे थांबून मग बोलावे. गंधकाचा वापर टाळणाऱ्या वाइनांत हा दोष जास्त दिसतो, आणि काहींना तो मुळीच जाणवत नाही, त्यामुळे एकाच टेबलावर भांडणे होतात.

सोबत खाण्याचा प्रश्न थ्रेसनेच सोडवून ठेवला आहे. एद्रिनेत काळजाचे कागदासारखे पातळ काप भरपूर तेलात कुरकुरीत तळतात आणि बरोबर तळलेल्या सुक्या लाल मिरच्या देतात. तेल फेसाने कापले जाते, काळजाचा लोखंडी गंध चेरीच्या आंबटपणापुढे नमतो. तेकिरदाचे कोफ्ते किंवा मेंढीच्या दुधाचे खारट पांढरे चीजही चालेल. मिरचीचा जाळ मात्र बेताचा हवा, कारण कर्बवायू तिखटाला भडकवतो.

ज्यांना एकाहून अधिक बाटल्या मांडून बसायचे आहे त्यांनी मोदेनाजवळच्या सोरबाराची कोरडी लाम्ब्रुस्को आधी घ्यावी. रंगाने फिकी, आंबटपणाने धारदार, आणि त्या बदनाम लोंढ्याशी काहीही संबंध नसलेली. तिच्यानंतर पापाझकरासीची स्वच्छ ओतलेली पेट-नॅट, मग तिचाच गढूळ ग्लास. शेवटी सेकसार्डची साधी, फेस नसलेली कादार्का, तीही किंचित गार. पूर्व फ्रान्समधल्या ब्युजे-सेर्दोंची गोडसर गुलाबी वाइन मिळाली तर ती या रांगेत मध्ये घुसवू नये. तिच्या साखरेने पुढच्या प्रत्येक ग्लासाची चव खोटी लागते, तेव्हा ती सगळ्यात शेवटी, फळांबरोबर.